पळणाऱ्याची शिदोरी

मुलांनो, थंडी पडू लागली की गावोगावी पळण्याच्या शर्यती सुरू होतात. चौकात कापडी फलक लागतात, शाळेत सूचना फिरते. नाव दिलं की एक टी-शर्ट आणि छातीवर लावायचा नंबर मिळतो. मग काय, निम्मा वर्ग हात वर करतो! तुमच्यापैकीही पुष्कळांनी यंदा नाव दिलं असेल. म्हणूनच आज ही गोष्ट सांगायला बसले आहे.

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेतली अकरा मुलं घेऊन तालुक्याच्या गावी पाच किलोमीटरच्या शर्यतीला गेले होते. त्यांत सातवीतली एक मुलगी होती. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. पळण्यात ती भलतीच चपळ. पहाटे एसटीत बसताना मी विचारलं, "काही खाल्लंस का गं?" तर म्हणते, "नाही बाई, पोट रिकामं असलं की हलकं हलकं पळता येतं!" वडिलांनी आदल्या संध्याकाळी हौसेने नवेकोरे बूट आणले होते, तेच पायात. शर्यत सातला सुटायची होती. पण पाहुणे यायचे होते, भाषणं व्हायची होती. सुटली ती साडेनऊला. ऊन चांगलंच वर आलं होतं.

शेवटचं वळण राहिलं असताना ती रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. तिचे वडील ओरडले, "ऊठ बाळा, थोडंच राहिलंय!" आणि खरं सांगते, मीसुद्धा ओरडले, "थांबू नकोस! शाबास!" ती उठली, पळाली, रेषा ओलांडली आणि तिथेच कोसळली. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. दुपारपर्यंत ती बरी झाली, हसली, बोलली. पण तिचे मोजे काढले तेव्हा दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड होते. ते बघून तिच्या वडिलांनी मान खाली घातली. मीही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचून काढलं. तेव्हा कळलं की आमच्यासारख्या चुका थेट ऑलिंपिकमध्येही झालेल्या आहेत!

१९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ऑलिंपिक भरलं होतं. ३० ऑगस्टला मॅरेथॉन होती, सुमारे ४० किलोमीटरची. ती सुरू कधी केली असेल? दुपारी तीनला! पारा ३२ अंशांच्या आसपास, रस्ते धुळीचे, वाटेत टेकड्या. पुढेमागे मोटारी धावत होत्या, त्यांची धूळ पळणाऱ्यांच्या नाकातोंडात. आणि पाणी? त्याची सोय म्हणावी तर वाटेवरची एक विहीर. पळताना पाणी प्यायलं तर माणूस मंदावतो, असं तेव्हा पुष्कळांना वाटायचं. ३२ जण पळाले आणि शेवटपर्यंत पोचले अवघे १४. एकाच्या पोटात इतकी धूळ गेली की आत रक्तस्राव होऊन तो रस्त्यावर पडला. वेळेवर सापडला म्हणून वाचला.

पहिला आला थॉमस हिक्स. त्याने पाणी मागितलं तर त्याच्या मदतनिसांनी नुसतं तोंड ओलं केलं. तो डगमगू लागला तेव्हा अंड्याच्या पांढऱ्या बलकातून त्याला चक्क स्ट्रिक्नीन दिलं. हे आपल्याकडच्या काजऱ्याच्या बियांमधलं विष. उंदीर मारायला वापरत ते! पुढे आणखी एकदा तेच, वर ब्रँडी. हिक्सला भास होऊ लागले. अखेर दोघांनी त्याला धरून धरून रेषेपार नेलं. वेळ ३ तास २८ मिनिटं ५३ सेकंद. त्याला सुवर्णपदक मिळालं खरं, पण तो जिवंत राहिला हेच नशीब.

त्याच शर्यतीत क्यूबाचा एक पोस्टमन होता, फेलिक्स कार्वाहाल. रोजचे जड बूट आणि गुडघ्यापाशी कापलेली पँट घालून तो पळाला. वाटेत भूक लागली म्हणून एका बागेतली सफरचंदं खाल्ली. ती निघाली खराब! पोटात कळा आल्या, तो आडवा झाला, पुन्हा उठून पळाला, तरी चौथा आला. मला तर विजेत्यापेक्षा हाच जास्त आवडतो. पण विचार करा, सकाळी भाकरी खाऊन निघाला असता तर?

आता त्या भाकरीकडेच वळू. आपण खातो त्या भाकरी, भात, पोह्यांची शरीरात साखर होते. तिचा काही साठा यकृतात आणि स्नायूंत राहतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. पळताना स्नायू तो वापरतात. मोठ्या माणसाचा हा साठा साधारण तीसेक किलोमीटर पुरतो. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, म्हणून शेवटच्या टप्प्यात पुष्कळांचे पाय एकदम शिशाचे होतात. तुमच्या पाच किलोमीटरांना साठा भरपूर पुरतो. मात्र रात्रभर उपाशी आणि सकाळी पुन्हा उपाशी, असं केलं तर यकृतातला साठा सुरुवातीलाच आटलेला असतो. मग चक्कर येते.

म्हणून आदल्या रात्री नेहमीचं जेवण पोटभर जेवा. शर्यतीच्या दोन-तीन तास आधी पोहे, उपमा किंवा गूळ-पोळी असं हलकं काहीतरी खा. फार पहाटे उठायचं असेल तर निदान एक केळं तरी. परत आल्यावर उसळ, वरण, दूध किंवा अंडं, कारण दमलेल्या स्नायूंची डागडुजी त्यातूनच होते. जाहिरातीतल्या पावडरींचे डबे आणा म्हणून आईच्या मागे लागू नका बरं! पाच किलोमीटरला त्यांची काही गरज नसते. त्यापेक्षा राजगिऱ्याचा लाडू स्वस्त आणि चवीला झकास. मुलींच्या आयांना मात्र एक सांगते: लेकीला लवकर धाप लागते, चेहरा फिका दिसतो, तर एकदा रक्त तपासून घ्या. हिरवी पालेभाजी, हळीव, कडधान्यं ताटात असू द्या, वर लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा नको, तो लोह शोषू देत नाही.

आता पाणी. यातच सगळ्यात मोठी गंमत आहे, आणि धोकाही.

पळताना स्नायू जी शक्ती वापरतात तिच्या चार भागांपैकी जवळजवळ तीन भागांची नुसती उष्णता होते. ती बाहेर टाकायला घाम येतो. माठ कसा पाझरतो आणि आतलं पाणी गार होतं, तसंच आपलं. पावसाळ्यात माठातलं पाणी फारसं गार होत नाही, कारण दमट हवेत पाझर वाळत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पळणाऱ्याचं नेमकं हेच होतं. घाम निथळतो, पण अंग निवत नाही. म्हणून तिथे जरा हळूच पळावं.

घाम गेला की पाणी हवंच. १९०४ साली ते कुणाला पटलं नाही. पण पुढे लोक दुसऱ्या टोकाला गेले! तहान असो-नसो, प्रत्येक थांब्यावर ढोसत राहा, असा सल्ला मिळू लागला. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं. शंभरात तेरा जणांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे सोप्या भाषेत मीठ, हवं त्यापेक्षा पातळ झालेलं होतं. पळून आल्यावर ज्यांचं वजन कमी होण्याऐवजी वाढलं होतं, त्यांच्यात हे जास्त दिसलं. घामातून गेलं त्यापेक्षा किती तरी जास्त त्यांनी प्यायलं होतं! मीठ असं पातळ झालं की मेंदूला सूज येऊ शकते. त्याच शर्यतीत याच कारणाने एका तरुण धावपटूचा मृत्यू झाला.

मग करायचं काय? अगदी सोपं आहे. तहान लागेल तसं, घोट घोट प्या. पाणी जवळ असू द्या आणि तहान मारून पळू नका. पण तहान नसताना बाटली रिकामी करण्याची पैजही लावू नका. तास-दीड तासापेक्षा जास्त पळणं असेल, घाम खूप येत असेल, तर नुसत्या पाण्याऐवजी मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत बरं. घरी पोचल्यावर चवीला मीठ घातलेलं ताक. याहून छान पेय मला तरी माहीत नाही.

बुटांचीही एक गोष्ट ऐका. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी पळाला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. तो जागतिक विक्रम होता. सगळे थक्क! पण तो अनवाणी का पळाला? तिथे मिळालेले नवे बूट पायाला बसेनात, आणि अनवाणी पळण्याचा सराव त्याला आधीपासून होताच. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून पळाला आणि पुन्हा विक्रम करून जिंकला. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत हिनेही सुरुवात अनवाणीच केली होती. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. तेव्हा बूट भारी हवेत असं काही नाही. ते पायाच्या ओळखीचे मात्र हवेत. माझी आजी पंढरीच्या वारीला निघायची, तर नवी वहाण महिनाभर आधी घरात घालून मऊ करायची. तिला हे कोणी शिकवलं होतं?

बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. शर्यतीआधी दोन-तीन आठवडे त्यातच सराव करा. मोजे ओले किंवा चुरगळलेले नकोत. सवय नसलेली कुठलीच गोष्ट, बूट असोत, कपडे असोत की खाणं, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा आजमावू नका. सराव पहाटे रस्त्यावर करत असाल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असे पळा. अंगात पांढरा किंवा भडक सदरा असू द्या. कानात गाणी नकोत, मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही. एकटं जाऊ नका आणि कुठल्या रस्त्याने जाताय ते घरी सांगून जा.

पालकहो, आता थोडं तुमच्याशी. मे २००६ मध्ये ओडिशात चार वर्षांच्या एका मुलाला पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने सुमारे ६५ किलोमीटर पळवलं गेलं. रस्त्याच्या दुतर्फा माणसं टाळ्या वाजवत होती. शेवटी तो कोसळला. नंतर डॉक्टरांनी तपासणी केली आणि सरकारला त्याच्या अशा धावण्यावर बंदी घालावी लागली. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत वाईट माणूस बहुधा कोणीच नसेल. आम्हीही त्या दिवशी टाळ्याच वाजवत होतो ना! मोठ्या स्पर्धांमध्ये पूर्ण मॅरेथॉनसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण असावी लागतात, ते उगीच नाही. मुलांची हाडं अजून वाढत असतात. दोन-पाच किलोमीटर, तेही सरावाने आणि त्यांच्या मर्जीने, एवढं पुष्कळ झालं. ताप असेल, जुलाब झाले असतील, तर टी-शर्ट मिळालेला असला तरी घरी राहू द्या. आणि आयोजकांनी भाषणं शर्यतीनंतर ठेवावीत, ही माझी हात जोडून विनंती!

मुलांनो, पळताना डोकं ठणकू लागलं, मळमळलं, उन्हातही अंगावर शहारे आले, पाय भलतीकडे पडू लागले, की थांबायचं. छातीत दुखलं तर तत्काळ थांबायचं. कोणी काही ओरडो, तुमच्या बाई ओरडल्या तरी थांबायचं. आणि शेजारचा पळणारा असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय असं दिसलं, तर आपला नंबर विसरून त्याला सावलीत न्या, मोठ्यांना हाक मारा. अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन लावायला सांगा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

तुम्ही विचाराल, त्या मुलीचं पुढे काय झालं? वर्षभर तिने पळण्याचं नाव काढलं नाही. मग एक दिवस शाळेत मला भेटायला आली आणि म्हणाली, "बाई, पुन्हा पळायचंय. पण तुम्ही ओरडायचं नाही." मी कबूल केलं. आता ती दहावीत आहे. आम्ही सहा-सातजण दर रविवारी धरणाच्या रस्त्याने जातो. ऊन चढायच्या आत परत. त्या नव्या बुटांना आता वास येतो, पण ते चावत नाहीत. मध्यंतरी एका शर्यतीत तिला कसंतरी वाटलं, तर तिसऱ्या किलोमीटरला ती बाजूला झाली आणि सावलीत बसून आमची वाट बघत राहिली. मी पोचले तेव्हा वडील तिच्या शेजारी बसून केळं सोलत होते.

येत्या रविवारी पुन्हा जायचं आहे. केळी ती आणणार आहे, पाण्याचा कॅन माझ्याकडे आहे.