विरघळून गेलेला सर्व्हर

२००९च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलने एक चपटी रुपेरी पेटी बाजारात आणली. लांबी-रुंदी साडेसहा इंच, उंची जेमतेम दोन इंच. पोळ्यांचा डबासुद्धा याहून मोठा असतो. होता तो नेहमीचा मॅक मिनी संगणकच, पण सीडी घालायची फट गायब आणि त्या जागी दुसरी हार्ड डिस्क. किंमत ९९९ डॉलर. आतलं स्नो लेपर्ड सर्व्हर हे सॉफ्टवेअर वेगळं घ्यायचं तर ४९९ डॉलर पडायचे. छोट्या ऑफिसचे ईमेल, कॅलेंडर, सगळ्यांच्या सामाईक फायली, वेबसाइट, हा सगळा कारभार ती पेटी टेबलाच्या कोपऱ्यात बसून सांभाळायची.

मग भाव कोसळला. २०११मध्ये लायन आवृत्तीबरोबर तेच सॉफ्टवेअर ५० डॉलरला मिळू लागलं, २०१२मध्ये २० डॉलरला. तीन वर्षांत ४९९चे २०! त्याच २०११मध्ये आयक्लाउड आलं. ईमेल आणि कॅलेंडर घराबाहेर कुठेतरी ठेवायची सवय लोकांना लागत होती. पण मला जास्त नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पेटीतली बरीचशी यंत्रणा मुळात सगळ्यांना खुलीच होती. वेबसाइट चालवायला अपाची, ईमेलसाठी पोस्टफिक्स आणि डव्हकॉट. जगभरच्या प्रोग्रामरांनी लिहून मोकळी सोडलेली ही सॉफ्टवेअर. ॲपलच्या किमतीत बराच वाटा होता तो त्यांच्यावर चढवलेल्या सुबक बटणांचा. २०१८मध्ये ईमेल, वेबसाइट वगैरे विभाग बंद करत असल्याचं सांगताना कंपनीने गिऱ्हाइकांना सरळ त्या मोफत प्रकल्पांकडेच धाडलं. २१ एप्रिल २०२२ला हे सॉफ्टवेअर, तोवर नाव मॅकओएस सर्व्हर, कायमचं थांबलं.

थांबलं खरं, पण त्याआधीच ते विरघळलं होतं. २०१७च्या हाय सिएरा आवृत्तीपासून त्याचे तीन तुकडे प्रत्येक मॅकमध्ये फुकट येऊ लागले: फायली वाटणं, टाइम मशीनचे बॅकअप ठेवून घेणं आणि कॅशिंग.

हे कॅशिंग जरा जवळून बघाच. बहुतेक घरांना इंटरनेटवरून दिसणारा पत्ता एकच असतो, सोसायटीच्या गेटवरच्या पाटीसारखा; आतले फ्लॅट नंबर फक्त राउटरला ठाऊक. मॅकच्या सेटिंगमध्ये शेअरिंगखालचं ‘कंटेंट कॅशिंग’ चालू केलं की तुमचा मॅक ॲपलला दोन्ही पत्ते कळवून ठेवतो, बाहेरचा आणि आतला. मग कधीतरी घरातल्या आयफोनला नवं अपडेट हवं असतं. तो ॲपलकडे चौकशी करतो. ही चौकशी कुठल्या गेटमधून आली ते तिथे दिसतं, आणि ॲपलकडून उत्तर येतं ते घरातलाच पत्ता घेऊन: अमुक नंबरच्या मॅककडे माग! फोन मॅककडे वळतो. मॅक ते अपडेट बाहेरून एकदाच आणतो, फोनला देतो आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. रात्री घरातल्या तशाच दुसऱ्या आयफोनची पाळी येते तेव्हा काही जीबींचं ते अपडेट बाहेरून येतच नाही; दिवाणखान्यातून आतल्या खोलीत येतं.