दोष हाताचा की फोनचा?

24 जून 2010 रोजी अमेरिकेसह पाच देशांत ॲपलचा आयफोन 4 विक्रीला आला आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. फोन डाव्या हातात धरला की सिग्नलच्या दांड्या उतरत, कधी कॉलही तुटे. या फोनच्या कडेची स्टीलची पट्टी हीच त्याची अँटेना होती आणि तिचे भाग बारीक फटींनी वेगळे ठेवले होते. खालच्या डाव्या फटीवर तळवा टेकला की त्वचेमुळे दोन्ही भाग जोडले जात आणि अँटेनाचा मेळ बिघडे. ‘आनंदटेक’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या चाचणीत फोन नेहमीसारखा धरल्यावर सिग्नल सुमारे 20 डेसिबलने घसरला, म्हणजे त्याची शक्ती शंभरपटीने घटली. टॉवर जवळ असेल तर हे निभावून जाई. सिग्नल मुळातच क्षीण असेल तिथे कॉल तुटण्याची भीती होती.

लोक जास्त चिडले ते कंपनीच्या उत्तरांनी. फोन तसा धरू नका, असे ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एका ग्राहकाला कळवले. 2 जुलैला कंपनीने सांगितले की दांड्या मोजण्याचे सूत्रच चुकले असून अनेकदा दोन दांड्या जास्त दिसतात. याने दांड्या का उतरतात ते कळले, कॉल का तुटतो ते नाही. 12 जुलैला ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक नियतकालिकाने प्रयोगशाळेतील चाचणीनंतर या फोनची शिफारस करण्यास नकार दिला. चारच दिवसांनी ॲपलने 29 डॉलरचे, फोनची कड झाकणारे बंपर कव्हर फुकट देऊ केले.

कोणताही फोन हाताने झाकला तर सिग्नल घटतो, हा जॉब्स यांचा मुद्दा खराच होता. परंतु इथे नेमक्या एका फटीवरचा स्पर्श पुरेसा होता आणि तीही सहज हाताखाली येणाऱ्या जागी. अँटेनाबद्दल फक्त 0.55 टक्के ग्राहकांनी तक्रार केली, हा दुसरा बचाव. त्यातून फोन लोकांना आवडला एवढे दिसते. आवडत्या वस्तूतली खोट लोक चालवून घेतात, म्हणून ती खोट नाहीशी होत नाही. शिवाय 2011च्या आयफोन 4एसमध्ये दोन अँटेनांमध्ये आपोआप अदलाबदल करण्याची सोय आली. उपाय आराखड्यात सापडला, म्हणजे चूकही तिथलीच होती. हातात धरण्यासाठी बनवलेल्या वस्तूची परीक्षा हातातच व्हायला हवी, आणि ती विक्रीपूर्वी घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे.