ठिगळकामाची खोळ: अस्तर कशासाठी?

तुकडे जोडून तयार केलेल्या कापडाला मागून चादर शिवली की रजईची खोळ झाली, असा समज सर्रास आढळतो. तो पुरता चुकीचा नाही, अपुरा आहे.

गोधडीत थर एकमेकांना धावदोऱ्याने (सुई खाली-वर करत घातलेल्या सरळ टाक्याने) कायमचे बांधलेले असतात. खोळ मात्र उशीच्या अभ्र्यासारखी: आतली रजई काढायची आणि खोळ तेवढी धुवायची. म्हणजे ती वारंवार धुतली जाणार. अडचण इथेच येते. ठिगळे जोडताना कडेला साधारण पाव इंच दाब (शिवणीबाहेर सोडलेले कापड) राहतो. गोधडीत तो थरांमध्ये झाकला जातो. बिनअस्तराच्या खोळीत तो उघडाच राहतो, रजईवर घासतो, त्याचे दोरे निघतात आणि शेवटी शिवण उसवते.

म्हणून जोडकामाला आतून पातळ सुती अस्तर लावावे आणि दोन्ही कापडे काही जोडशिवणींवरून टीप मारून एकत्र बांधावीत. अस्तर व मागचे कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे नंतर आटणार नाही.

खोळ ऐसपैस असावी, हाही एक समज. मोठ्या खोळीत रजई गोळा होते. ६० बाय ९० इंचांच्या रजईला शिवून तयार खोळही तेवढीच हवी. दाब आणि तोंडाची दुमड यांसाठी कापड वेगळे धरावे. आतल्या चारही कोपऱ्यांत नाड्या लावून रजईला बांधल्या की ती सरकत नाही.