अनोळखी ग्राहकाला पहिले पत्र

भोसरीतील एखाद्या छोट्या कार्यशाळेचे मालक डोळ्यांसमोर आणा. वर्षानुवर्षे एकाच मोठ्या ग्राहकाचे काम करणाऱ्या या कार्यशाळेच्या ऑर्डरी यंदा घटल्या आहेत. दिवसभर यंत्रांच्या आवाजात गेल्यावर रात्री दहा वाजता मालक संगणकासमोर बसतात आणि कुठून तरी मिळवलेल्या दोनशे पत्त्यांवर एकच ई-मेल धाडतात. ‘आम्ही पंचवीस वर्षे या क्षेत्रात असून दर्जा हेच आमचे ब्रीद आहे,’ अशी त्याची सुरुवात असते. सोबत भलेमोठे माहितीपत्रक जोडलेले. आठवडा उलटतो, उत्तर एकही येत नाही. ई-मेलने कामे मिळत नाहीत, असा निष्कर्ष काढून ते पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. दोष मात्र माध्यमाचा नसतो, पत्राचा असतो.

पूर्वओळख नसलेल्या संभाव्य ग्राहकाला पाठवलेल्या अशा पत्राला विक्रीच्या परिभाषेत ‘कोल्ड ई-मेल’ म्हणतात. विक्री प्रतिनिधींची फौज बाळगणे किंवा औद्योगिक प्रदर्शनांत दालन घेणे प्रत्येकाला परवडत नाही. अशा उद्योजकाला नव्या ग्राहकापर्यंत नेणारा हा अत्यंत स्वस्त मार्ग आहे. परंतु स्वस्त असल्यामुळेच तो बेफिकिरीने वापरला जातो.

जुना धडा

हा प्रकार इंटरनेटच्याही आधीचा आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी ‘अर्पानेट’ या सरकारी संगणक-जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण धाडले. त्यातून विक्री झाली, असे थर्क यांनी पुढे सांगितले. पण तक्रारीही झाल्या आणि जाळ्याच्या व्यवस्थापकांनी नापसंती कळवली. जगातील पहिला ‘स्पॅम’ म्हणून तो संदेश आज ओळखला जातो.

त्या वेळी माणसे रागावली. आता यंत्रेच दार लावून घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक ई-मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक संदेश धाडणाऱ्यांनी ‘स्पॅम’ म्हणून तक्रार होणाऱ्या संदेशांचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवावे, अशी गूगलची अट आहे. म्हणजे हजारामागे तीन तक्रारीही जास्तच! छोट्या उद्योजकाचा संबंध या आकड्याशी येत नसला, तरी आपल्या कंपनीच्या पत्त्यासाठी ‘एसपीएफ’ आणि ‘डीकेआयएम’ या तांत्रिक नोंदी त्याने जाणकाराकडून करून घ्याव्यात. पत्र खरोखर आपल्याकडूनच आले आहे, हे पटवणारी ती ओळखपत्रे होत.

नमनाला घडाभर तेल नको

पत्र लिहिण्यापूर्वी दोनशे पत्त्यांतून दहाच निवडावेत. प्रत्येक कंपनी काय बनवते, तिथे नवे काय घडते आहे, आपल्या कामाचा निर्णय कोण घेते, हे शोधण्यास प्रत्येकी अर्धा तास द्यावा. अशा तयारीनंतर आपले मालक चाकणमधील एखाद्या खरेदी अधिकाऱ्यास असे लिहू शकतील :

‘आपल्या कारखान्यात नवी असेंब्ली लाइन सुरू होत असल्याचे कंपनीच्या निवेदनात वाचले. नव्या लाइनवर सुरुवातीच्या काळात फिक्श्चरमध्ये वारंवार दुरुस्ती करावी लागते. आमची कार्यशाळा भोसरीत असून असे काम आम्ही ४८ तासांत करून देतो. नुकत्याच केलेल्या एका कामाची एक पानी माहिती पाठवू का? हा विषय आपल्याकडे नसल्यास कोणाशी बोलावे, ते कृपया कळवावे. आवश्यकता नसल्यास तसे कळवा. पुन्हा लिहिणार नाही.’

या पत्रात ‘आम्ही’च्या आधी ‘आपण’ आला आहे. पंचवीस वर्षांची परंपरा नाही, तर वाचणाऱ्याची अडचण आहे. मागणीही छोटी आहे : ऑर्डर नव्हे, भेटही नव्हे, केवळ एक पान पाठवण्याची परवानगी. विषयाच्या ओळीत ‘सुवर्णसंधी’ किंवा ‘तातडीचे’ असे काही न लिहिता ‘नव्या लाइनसाठी फिक्श्चर दुरुस्ती, भोसरी’ एवढेच पुरे. अर्थात, ४८ तासांचे आश्वासन पाळता येणार असेल तरच ते द्यावे. जड माहितीपत्रक पहिल्या पत्रासोबत जोडू नये. अनोळखी व्यक्तीने पाठवलेली फाइल उघडण्यास सावध माणूस कचरतोच.

उत्तर न आल्यास

मौन म्हणजे नकारच, असे नाही. आठवड्याभराने एक स्मरणपत्र अवश्य पाठवावे. मात्र ‘माझे पत्र मिळाले का?’ एवढेच न विचारता त्यात एखादी नवी उपयुक्त माहिती द्यावी. दुसऱ्या स्मरणपत्रानंतर थांबावे. नको म्हणणाऱ्याचे नाव यादीतून तत्काळ काढावे. निर्यातीच्या शोधात परदेशी लिहिणाऱ्यांसाठी तर हा कायद्याचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या २००३ च्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्यानुसार व्यापारी ई-मेलमध्ये पाठवणाऱ्याचा टपाली पत्ता आणि नकार कळवण्याची सोय असावी लागते, तसेच नकाराची अंमलबजावणी कामकाजाच्या दहा दिवसांत करावी लागते. व्यवसायांना पाठवलेल्या पत्रांनाही तो लागू आहे. युरोपीय संघात व्यक्तिगत माहितीच्या वापरावर २०१८ पासून ‘जीडीपीआर’चे निर्बंध आहेत.

किती जणांनी पत्र उघडले, या आकड्यावर विसंबू नये. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सुविधेमुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे दिसू शकते. मोजायची ती उत्तरे. ‘सध्या गरज नाही, सहा महिन्यांनी विचारा,’ हेही उत्तरच होय. ते वहीत तारखेसह नोंदवावे आणि त्या तारखेला खरोखर विचारावे.

दोनशे पत्रे एका रात्रीत जातात, दहा पत्रांना आठवडा लागतो. तरीही भोसरीच्या मालकांनी हा आठवडा द्यावा. पहिल्या पत्राने ऑर्डर मिळेलच असे नाही. पण पुढच्या पत्राची परवानगी मिळाली, तरी एकाच ग्राहकावर विसंबलेल्या कार्यशाळेला दुसरे दार किलकिले झालेले असते.