ट्रकचालकाचा परवाना

मालवाहतुकीचा ट्रक चालवण्यासाठी मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याआधी हलके मोटार वाहन चालवण्याचा परवाना किमान एक वर्ष हाती असणेही आवश्यक असते. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट 2019 मध्ये काढून टाकण्यात आली.

7,500 किलोपर्यंतची मालवाहू वाहने हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. त्याहून जड ट्रकसाठी मात्र स्वतंत्र परवानगी लागते.

वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज केल्यावर प्रादेशिक परिवहन कार्यालयातून सहा महिने मुदतीचा शिकाऊ परवाना मिळतो. किमान 30 दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी चाचणी देता येते. त्यासाठी प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांतील अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा असतो. भरलेला ट्रक थांबायला जास्त अंतर घेतो, वळताना मागची चाके आतल्या बाजूने जातात आणि घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास तो तापून निकामी होऊ शकतो. त्यामुळे खालच्या गिअरमध्ये उतरण्याची सवय प्रशिक्षणातच लागायला हवी.

परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पेट्रोल, वायू किंवा रसायनांच्या टँकरसाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्या परवानगीची मुदत तीन वर्षे असते.