नन गेल्या, शिपाई आले

किहीमला पाहुणे आले की आम्ही त्यांना अलिबागच्या पुढे रेवदंड्याचा कोट दाखवायला नेतो. तेथे पोर्तुगीजांच्या मठांचे पडके अवशेष माडांच्या बागांत उभे आहेत. मुले विचारतात, "इथली माणसे कुठे गेली?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला जुन्या गोव्यात मिळाले.

तेथे सांता मोनिका नावाचे मोठे कॉन्व्हेंट आहे. १६०६ मध्ये त्याचा पाया घातला गेला व १६२७ मध्ये बांधकाम पुरे झाले. आशियातील सर्वांत जुन्या स्त्री-मठांपैकी हा एक. पण आत सगळ्या बायका सारख्या नव्हत्या. काळ्या बुरख्याच्या नन वरच्या, पांढऱ्या बुरख्याच्या खालच्या, आणि त्यांच्याही खाली राबणाऱ्या दासी. उतरंड काही आपल्याच गावात नव्हती!

१८३४ मध्ये पोर्तुगाल सरकारने धार्मिक संघ बंद केले. पुरुषांचे मठ रिकामे झाले. ननना मात्र राहू दिले. फक्त नवीन कोणी घ्यायची नाही, असा नियम झाला. म्हणजे एकेक बाई मरत जायची आणि एकेक खोली रिकामी व्हायची. १८८५ मध्ये शेवटची नन वारली व इमारत सरकारजमा झाली. पुढे तेथे पोर्तुगीज सैनिकांची बराक झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्यानंतर ही वास्तू पुन्हा धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी मिळाली. तिच्या चर्चमध्ये आता ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे.

फ्रान्समध्येही असेच घडले. पॅरिसच्या व्हाल द ग्रास मठातल्या नन राज्यक्रांतीने बाहेर काढल्या आणि १७९३ मध्ये तेथे लष्करी रुग्णालय केले. ते २०१६ पर्यंत चालले.

वाचक बंधू-भगिनींनो, भिंती त्याच राहतात. किल्ली कोणाकडे, त्यावर उपयोग ठरतो. आमच्या ओळखीच्या एका वस्तीत वर्गणीतून बांधलेल्या समाजमंदिरात सिमेंटच्या गोण्या पडून होत्या आणि मुली रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करीत होत्या. चार आया पुढे झाल्या, गोण्या हलल्या, सतरंज्या पसरल्या. आज संध्याकाळी तेथे जागा पुरत नाही.

आपल्या वस्तीतल्या समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे, एवढे या रविवारी जरूर विचारा.