पुस्तकांचे सण (लेखांक 5) : गुलाब, पोथी आणि मोरोपंतांची बारामती

स्पेनच्या ईशान्येस असलेल्या कॅटलोनिया प्रांतात 23 एप्रिल हा संत जोर्दींचा दिवस मानला जातो. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते, कचेऱ्या आणि शाळा नेहमीप्रमाणे चालू असतात; तरीही बार्सिलोना शहरातील ला रांब्ला हा रुंद रस्ता सकाळपासून पुस्तकांच्या आणि गुलाबांच्या दुकानांनी भरून जातो, लेखक स्वाक्षऱ्या देण्यासाठी येऊन बसतात आणि माणसे एकमेकांना पुस्तक व गुलाब भेट देतात. पुरुषाने स्त्रीला गुलाब द्यावा आणि स्त्रीने पुरुषाला पुस्तक द्यावे, अशी पूर्वी रीत होती; आता दोघेही दोन्ही देतात आणि हा बदल स्वागतार्हच मानला पाहिजे, कारण स्त्रीच्या वाट्याला केवळ फूल यावे यात कसलेही औचित्य नव्हते.

या सणात दोन निरनिराळ्या काळांतील परंपरा एकत्र आल्या आहेत. गुलाबाची परंपरा जुनी असून तिच्यामागे एक दंतकथा आहे : संत जोर्दी यांनी राजकन्येला गिळू पाहणाऱ्या अजस्र सर्पासुराचा वध केला आणि त्याच्या रक्तातून गुलाबाचे झुडूप उगवले. बार्सिलोनात या दिवशी गुलाबांचा बाजार भरण्याची प्रथा पंधराव्या शतकापासून चालत आलेली आहे. पुस्तकाची परंपरा मात्र जेमतेम शंभर वर्षांची आहे. व्हिसेंट क्लाव्हेल या बार्सिलोनात स्थायिक झालेल्या व्हॅलेन्सियन लेखक-प्रकाशकाच्या खटपटीमुळे स्पेनमध्ये 7 ऑक्टोबर 1926 रोजी पहिला पुस्तकदिन साजरा झाला आणि 1930 मध्ये तो थोर कादंबरीकार सर्व्हान्तेस यांच्या स्मृतिदिनी, म्हणजे 23 एप्रिलला, नेण्यात आला. पुढे जनरल फ्रँको यांच्या राजवटीत कॅटलान भाषेची शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून हकालपट्टी झाल्यावर त्या भाषेतील पुस्तक विकत घेणे हे भाषेवरील निष्ठेचे लक्षण ठरले, आणि या सणाला आज जी उत्कटता आहे तिचे मूळ बऱ्याच अंशी त्या दडपशाहीत आहे. युनेस्कोने 1995 मध्ये हीच तारीख जागतिक पुस्तकदिन म्हणून स्वीकारली.

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत ग्रंथ आणि फूल यांचे सान्निध्य नवे नाही, परंतु त्याची घडण वेगळी आहे. पन्हाळ्यास 1729 मध्ये जन्मलेले मोरोपंत पराडकर हे पेशव्यांचे सोयरे व सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने कऱ्हाकाठच्या बारामतीत येऊन राहिले, तेथे त्यांनी नाईकांच्या घरी पुराण सांगितले आणि ‘आर्याभारत’, शंभराहून अधिक रामायणे व ‘केकावलि’ अशी प्रचंड रचना केली. केका म्हणजे मोराचा टाहो. कवीने आपल्या मयूर या नावावर श्लेष साधून ईश्वराला मारलेल्या हाकांची ती ओळ आहे. रामायणांपैकी ‘निरोष्ठ रामायणा’त प, फ, ब, भ, म ही ओठ मिटून उच्चारावी लागणारी अक्षरे कवीने कटाक्षाने टाळली, ज्या कथेच्या नायकाच्या नावातच ‘म’ आहे, ती अशा रीतीने सांगण्याचे कौशल्य आजही थक्क करते.

ही रचना लोकांपर्यंत पोहोचली ती पुराणिकाच्या आणि कीर्तनकाराच्या मुखातून. त्या काळचा ग्रंथ म्हणजे पोथी, अर्थात हाताने लिहिलेली, न शिवलेली, फडक्यात बांधून ठेवलेली सुटी पाने. तिची एक प्रत तयार होण्यास महिनोन्‌महिने लागत, म्हणून ती एकाने वाचायची आणि अनेकांनी ऐकायची, वाचनापूर्वी तिला गंध लावून फूल वाहायचे, अशी पद्धत रूढ झाली. कॅटलोनियात फूल पुस्तकाबरोबर दुसऱ्याच्या हाती जाते, येथे ते पोथीवर वाहिले जाते. या फरकाचे कारण आवडीच्या कमीअधिकपणात नसून प्रतींच्या दुर्मीळतेत आहे. छापखाना आल्यावर परशुरामतात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ (1854) या वेचेसंग्रहामुळे मोरोपंतांची कविता विद्यार्थ्यांच्या हाती पडली, पण पुस्तकाकडे पूज्य वस्तू म्हणून पाहण्याची सवय छपाईनंतरही टिकली. साहित्य संमेलनाच्या ग्रंथदिंडीत पुस्तके पालखीत ठेवून फुलांनी सजवली जातात, ती याच सवयीमुळे. या टापूला पालखीची ओळख सांगावी लागत नाही : तुकोबांचे पुत्र नारायणबुवा यांनी 1685 मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा आषाढात बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असा इंदापुरास येतो आणि हजारो वारकरी गाथेतील अभंग पुस्तकाविना म्हणत चालतात.

हाती द्यायच्या भेटीची रीतही या भागात आहे, फक्त ती अद्याप पुस्तकाशी पुरेशी जोडली गेलेली नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या स्त्रीला कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि मोगऱ्याची फुले दिली जातात; हा काळ चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा असल्याने 23 एप्रिल बहुतेक वर्षी त्यातच येतो. संक्रांतीला पुस्तकांचे वाण लुटण्याची प्रथा काही घरांनी अलीकडे सुरू केली आहे, ती चैत्रातही सहज सामावेल. मोरोपंतांचा देहान्त 1794 मध्ये चैत्र पौर्णिमेलाच झाला, आणि 2024 साली ही पौर्णिमा नेमकी 23 एप्रिलला आली होती. एका दिवशी बार्सिलोनात गुलाब विकले जात असताना बारामतीच्या कवीचीही पुण्यतिथी होती, आणि तिच्यासाठी परदेशी फूल आणण्याची गरज नव्हती. एप्रिलच्या उन्हात उघड्या वावरातला गुलाब खुरटतो, पाकळ्यांच्या कडा करपतात. मोगऱ्याचा मात्र तोच खरा बहर असतो, आणि सांजवेळी बाजारात त्याचे गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून विकायला येतात.